सगळंच ‘संदिग्ध’ कसं असेल?

एका वाचक-भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

“मी इंग्रजी-मराठी अनुवादाचं काम करते. कार्यालयीन मजकूर जास्त, थोडा वैद्यकीय. गेल्या महिन्यात आमच्या वरिष्ठ सरांचा निरोप आला, ‘परवाच्या बैठकीचे मुद्दे आज पाठवा.’ दोन दिवसांपूर्वी एक बैठक झाली होती, म्हणून मी तिचे मुद्दे पाठवले. त्यांना हवे होते दोन दिवसांनी होणाऱ्या बैठकीचे. त्यांनी सगळ्यांसमोर विचारणा केली. मी इंग्रजीत मेल लिहून खुलासा केला आणि त्यात ‘तुमचा निरोप इक्विव्होकल होता’ असं म्हटलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘मी कधीही दुटप्पी बोललेलो नाही.’ तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी शब्दकोश पाहिला, तर अँबिग्युअस, इक्विव्होकल, व्हेग, सगळ्यांपुढे ‘संदिग्ध’ लिहिलेलं. अँबिव्हॅलंट हा शब्दही मी आजवर यांच्यातलाच समजत होते. हे शब्द वेगळे कसे ओळखायचे? आणि सरांना आता काय लिहू?”

तुमच्या सरांना लागलं ते खरंच लागण्यासारखं होतं. आणि तुमच्या मनात आरोप नव्हता, हेही पत्रातून स्पष्ट दिसतं. दोघंही खरं बोलत आहात. घोटाळा त्या एका शब्दाने केला, आणि तो शब्द तुमच्या हाती शब्दकोशानेच दिला. म्हणून आधी स्वतःला दोष देणं थांबवा.

निरोपात दोष होताच. ‘परवा’ला मराठीत मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस चालतात. एरवी क्रियापद आपल्याला सांभाळून घेतं: ‘परवा आला’ म्हटलं की मागचा, ‘परवा येईल’ म्हटलं की पुढचा. ‘परवाच्या बैठकीचे मुद्दे’ या शब्दांत तो आधारच नाही. त्यात ‘मुद्दे’ झालेल्या बैठकीचेही असतात आणि व्हायच्या बैठकीचेही. तुम्ही दोन अर्थांतला एक धरलात, सरांच्या मनात दुसरा होता. इंग्रजीत अशा निरोपाला अँबिग्युअस म्हणतात. त्यात बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल चकार शब्द नाही. इक्विव्होकल म्हटलं की मात्र नियत मध्ये येते. माणसाच्या बोलण्याला तो शब्द लावला की ‘तुम्ही मुद्दाम दोन्ही बाजूंनी निसटता येईल असं बोललात’ असा वास त्याला येतो. सरांना तोच आला.

आता ‘संदिग्ध’कडे बघू, कारण मूळ अडचण तिथे आहे. हा शब्द ‘सम्’ आणि ‘दिह्’ यांपासून आला. दिह् म्हणजे लिंपणं, माखणं. ‘संदेह’ही त्याच धातूचा. ज्याच्यावर काहीतरी लिंपलं गेलं आहे आणि म्हणून खालचं दिसत नाही, ते संदिग्ध. शब्द सुरेख आहे, पण तो ऐकणाऱ्याची अवस्था सांगतो: मला नीट दिसत नाही. का दिसत नाही, लिंपलं कुणी, मुळात खाली काही आहे का, हे तो सांगत नाही. इंग्रजीतले तुमचे शब्द नेमके त्या ‘का’वरून वेगळे झालेले आहेत. म्हणून शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘संदिग्ध’ छापलं तर ते चूक ठरत नाही, आणि अनुवादकाच्या कामालाही येत नाही.

मी स्वतः एक रीत वापरते, ती तुम्हाला देते. मजकूर वाचून अडखळलात की स्वतःला विचारा, आता मला समोरच्याला कोणता प्रश्न विचारावासा वाटतोय? ‘दोघांपैकी कोणतं?’ असं ओठावर आलं, तर मजकूर अँबिग्युअस. ‘म्हणजे नेमकं किती?’ असं आलं, तर व्हेग. ‘अहो, सरळ सांगा ना!’ असं आलं, तर समोरचा इक्विव्होकेट करतोय. शब्द पाठ करू नका, प्रश्न ओळखा.

अँबिग्युअसमधला ‘अँबी’ म्हणजे दोन्हीकडे, आणि मागे लॅटिनचं ‘आगेरे’ आहे, हाकणं. गाडी दोन्ही वाटांनी हाकता येते, असं चित्र. दोन वाटा स्पष्ट असतात, आखलेल्या असतात, फक्त कुठली धरायची ते कळत नाही. कधी ही दुफाटी एका शब्दात असते. ‘नाव’ घ्या: ते नाव म्हणजे ओळखीचं, ती नाव म्हणजे पाण्यातली. एक ‘नामन्’पासून आलं, दुसरी ‘नौ’पासून, आणि मराठीत येईपर्यंत दोघांचा उच्चार एक झाला. ‘पाठ’ही तसाच: ती पाठ शरीराची, तो पाठ धड्याचा. असे मुळातच वेगळे, पण दिसायला एक झालेले शब्द म्हणजे होमोनिम. याउलट ‘डोळा’: माणसाचा डोळा, नारळाचा डोळा, उसाच्या कांड्यावरचा डोळा. इथे शब्द एकच आहे आणि त्याचा अर्थ पसरत गेला आहे. याला पॉलिसेमी म्हणतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द रुळवला. संस्कृत शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल, ‘सैंधव आण’. सिंधू देशाचं ते सैंधव. मीठही आणि घोडाही. धनी जेवायला बसला असेल तर मीठ आणायचं, निघायच्या तयारीत असेल तर घोडा. याला ते ‘प्रकरण’ म्हणत, आपण आज संदर्भ म्हणतो. तुमच्या बाबतीत प्रकरणाने दगा दिला. एक बैठक नुकतीच झालेली आणि दुसरी तोंडावर, म्हणजे संदर्भही दोन्हीकडे झुकणारा.

कधी शब्द सगळे सरळ असतात आणि दुफाटी वाक्याच्या बांधणीत असते. ‘मी तिला घरी जाताना पाहिलं.’ घरी कोण चाललं होतं, मी की ती? एकाही शब्दाला दोन अर्थ नाहीत, तरी वाक्याला आहेत. इंग्रजीत याला अँफिबोली असं जुनं ग्रीक नाव आहे. अ‍ॅरिस्टॉटलने भाषेमुळे होणाऱ्या तर्कदोषांचे सहा प्रकार सांगितले, त्यात एका शब्दाच्या अनेक अर्थांमुळे होणारा दोष वेगळा आणि हा वेगळा धरला आहे. अनुवाद करताना हे वाक्य विशेष जपून हाताळा. मराठीतलं ‘जाताना’ इंग्रजीत नेताना कुणाच्या तरी पायांना जोडावंच लागतं, आणि चुकीच्या पायांना जोडलं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता इक्विव्होकल. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण तुमचं दुखणं इथलं आहे.

लॅटिनमध्ये ‘एक्वुस’ म्हणजे सारखा आणि ‘व्होक्स’ म्हणजे आवाज. वेगवेगळ्या गोष्टी, पण हाक एकच. बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलचं लॅटिन भाषांतर केलं, तेव्हा एका नावाच्या अनेक वस्तूंसाठी त्याने हाच शब्द वापरला. त्यात कसलाही आरोप नव्हता. त्या जुन्या अर्थाने बघितलं, तर सरांच्या ‘परवा’ला तुम्ही दिलेलं विशेषण चूक नव्हतं, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे. पण शब्दांना माणसांची संगत लागते. १६०५ मध्ये लंडनमध्ये राजासकट संसद उडवून देण्याचा कट उघडकीला आला. त्या प्रकरणात हेन्री गार्नेट या जेझुइट, म्हणजे एका कॅथॉलिक संघाच्या, पाद्र्यावर १६०६ मध्ये खटला चालला. त्याने इक्विव्होकेशनवर लेखन केलं होतं: जिवावर बेतणाऱ्या चौकशीत, खोटं न बोलता, अर्धं वाक्य मोठ्याने बोलावं आणि उरलेलं मनात ठेवावं, ते पाप नाही, अशी ती भूमिका. खटल्यात हाच मोठा वादाचा मुद्दा झाला. गार्नेटला फाशी झाली. इक्विव्होकेशन या शब्दाला लबाडीची जी संगत लागलेली आहे, ती आजही सुटलेली नाही.

अर्धं मोठ्याने, उरलेलं मनात. हे वाचल्यावर तुम्हाला आपला धर्मराज आठवला असेल. आपण कुणाच्या गुळमुळीत उत्तराला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो, ते तिथूनच आलं. ‘अश्वत्थामा’ हे नाव द्रोणांच्या मुलाचं आणि एका हत्तीचंही. हत्ती मारला गेला. द्रोणांनी विचारल्यावर युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख अस्फुट ठेवला. इथे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लागतात. नाव अँबिग्युअस होतं. त्यात नावाचा काही दोष नाही. युधिष्ठिराने त्या नावाचा उपयोग करून इक्विव्होकेट केलं. महाभारतात जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला, तो हत्तीचं नाव काय होतं यामुळे नव्हे.

याच्या शेजारी एक खटला ठेवते. १८६४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस हे प्रकरण आलं. मुंबईहून ‘पीरलेस’ जहाजाने लिव्हरपूलला येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला होता. ‘पीरलेस’ नावाची जहाजं निघाली दोन. एक मुंबईहून ऑक्टोबरमध्ये सुटणारं, दुसरं डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचं होतं, विकणाऱ्याने डिसेंबरच्या जहाजातला कापूस पुढे केला. घेणाऱ्याने तो नाकारला, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. करारनामा वाचला तर त्यात शंकेला जागाच नाही. जहाजाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरं जहाज आहे हे कळल्यावरच त्या नावाला दोन वाटा फुटतात. कायद्यात अशा सुप्त दुफाटीला लेटंट अँबिग्युइटी म्हणतात.

अश्वत्थामा दोन, पीरलेस दोन. रचना तीच. पण एकीकडे सांगणाऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि त्याने ऐकणाऱ्याला चुकीच्या वाटेवर सोडलं. दुसरीकडे दोघांनाही आपापली एकच वाट दिसत होती. तुमचं आणि सरांचं प्रकरण पीरलेसचं आहे. तुम्ही मेलमध्ये त्यांना युधिष्ठिराच्या जागी उभं केलंत.

इक्विव्होकल हे विशेषण निर्जीव गोष्टीला लागतं, तेव्हा मात्र त्यातला आरोप गळून पडतो. पुरावा इक्विव्होकल, चाचणीचा निकाल इक्विव्होकल. तुम्ही वैद्यकीय मजकूर करता म्हणून हे जपून वाचा. स्तनाच्या कर्करोगात हर-टू नावाच्या प्रथिनाची तपासणी होते. ऊतीला रंग देऊन केलेल्या त्या तपासणीचे गुण ० किंवा १+ आले तर निकाल नकारात्मक, ३+ आले तर सकारात्मक, आणि २+ आले तर अहवालात इक्विव्होकल लिहितात. त्याचा अर्थ एवढाच, की या चाचणीने हो किंवा नाही असं काही सांगितलेलं नाही, आता जनुकाची वेगळी चाचणी करायची. इथे ‘संदिग्ध’ लिहिलं तर रुग्णाला वाटेल अहवाल नीट लिहिलेला नाही. ‘संशयास्पद’ लिहिलं तर त्याहून वाईट, कारण अहवालांच्या भाषेत सस्पिशस हा वेगळा शब्द आहे आणि तो रोगाच्या दिशेने झुकलेला असतो. ‘अनिर्णायक’ लिहा, आणि मूळ मजकुरात पुढची चाचणी सुचवली असेल तर ते वाक्य त्याला लागूनच येऊ द्या.

व्हेगसाठी तर आपल्याकडे अस्सल शब्द आहे: मोघम. तो असताना ‘संदिग्ध’ का वापरायचं, हे मला कधी कळलेलं नाही. ‘थोड्या वेळात येतो’ याला दोन अर्थ नाहीत, एकच आहे, फक्त त्याच्या कडा विरलेल्या आहेत. दहा मिनिटं म्हणजे थोडा वेळ. दोन तास बहुधा नाही. पण थोडा वेळ नेमका कुठे संपतो? इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या युबुलिडीझ या ग्रीक विचारवंताच्या नावावर ढिगाचं कोडं सांगतात. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तरी ढीग राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. असं करत गेलात तर शेवटी उरलेल्या एका दाण्यालाही ढीग म्हणावं लागेल, नाहीतर कितव्या दाण्याला ढीग संपला ते सांगावं लागेल. सांगता येत नाही. ‘ढीग’ हा शब्द मोघम आहे, अँबिग्युअस नाही. उपायही त्यामुळेच वेगळे. दुफाटी असेल तर एक अर्थ निवडून दुसरा बाद करायचा. मोघमपणा असेल तर आकडा मागायचा, तारीख मागायची, मर्यादा आखून घ्यायची. आणि मूळ लेखकाने जाणूनबुजून मोघम ठेवलं असेल तर अनुवादातही मोघमच ठेवायचं. ‘वाजवी मुदतीत’ असं करारात असेल तर अनुवादकाने ते ‘आठवड्याभरात’ करू नये.

अँबिव्हॅलंट या घराण्यातला नाहीच. ‘अँबी’ हे सुरुवातीचं अक्षर तेवढं सारखं. तो शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९१० च्या सुमारास जर्मनमध्ये घडवला. त्यातला ‘व्हॅलेन्शिया’ म्हणजे बळ. दोन्हीकडे बळ. एकाच माणसाला एकाच गोष्टीबद्दल ओढ आणि नकोसेपणा दोन्ही एकाच वेळी वाटणं. म्हणजे गुंता शब्दांत नाही, मनात आहे. माणसाचं वाक्य अगदी स्वच्छ असू शकतं, ‘मला ही शस्त्रक्रिया हवीही आहे आणि नकोही आहे’, आणि तो तरी अँबिव्हॅलंट असतो. मी तपासते त्या अनुवादांत याचं हमखास ‘उदासीन’ झालेलं दिसतं. ते मात्र फार मोठं चुकतं. उदासीन माणसाला कोणतीच ओढ नसते, याला दोन असतात. रुग्णाच्या नोंदीत ‘शस्त्रक्रियेबाबत उदासीन’ असं गेलं तर डॉक्टर त्याच्याशी बोलायची गरज नाही असं समजतील, आणि त्याला तर बोलायचीच गरज आहे. ‘द्विधा मनःस्थिती’ चालेल. ‘हवंही आणि नकोही’ मला जास्त आवडतं.

बाकीचे पटकन सांगते. ऑब्स्क्युअर म्हणजे मुळात अंधारलेलं: दुर्बोध. तिथे दोन अर्थांचा प्रश्नच नसतो, एकही हाती लागत नाही. क्रिप्टिक म्हणजे कुणीतरी मुद्दाम लपवलेलं, आपल्या कूटश्लोकातलं कूट. पन हा श्लेषाच्या बराच जवळचा. डबल आँताँद्र ऐकायला फ्रेंच वाटतं, पण आजचे फ्रेंच लोक तसं म्हणत नाहीत. त्यात दुसरा अर्थ बहुधा चावट असतो. म्हणून अँबिग्युअसला ‘द्व्यर्थी’ लिहिण्याआधी विचार करा. शब्द व्याकरणाने बरोबर आहे, पण ‘द्व्यर्थी संवाद’ ऐकून मराठी वाचकाच्या मनात काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी ‘दोन अर्थ होतात’ असं साधं लिहिते.

आता सर. महिना झाला म्हणून उशीर झाला असं समजू नका. मेल लिहाच, पण इंग्रजीत नको, आणि त्यात शब्दांची व्युत्पत्ती अजिबात नको. दुखावलेल्या माणसाला शब्दकोश दाखवला तर त्याला वाटतं, अजूनही आपलंच चुकलं असं हिला म्हणायचं आहे. निरोपातला दोष एका वाक्यात येऊ द्या, तोही तुमच्या बाजूने. मी असं लिहिलं असतं:

“सर, गेल्या महिन्यातल्या मेलमध्ये तुमच्या निरोपाबद्दल मी जो इंग्रजी शब्द वापरला, तो चुकीचा होता. ‘परवा’चे दोन अर्थ होतात आणि मी दुसरा धरला, एवढंच मला सांगायचं होतं. तुम्ही काही झाकून बोललात असं माझ्या मनात तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. तुम्हाला त्या शब्दाने वाईट वाटलं, याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. यापुढे असा दिवस आला की मी आधी तारीख विचारून घेईन.”

मेल गेल्यावर दोन-तीन दिवसांत समोरासमोर भेट झाली, तर तोंडानेही एकदा म्हणा. त्यांनी विषय बदलला तर बदलू द्या. वयाने आणि पदाने मोठी माणसं पुष्कळदा अशीच माफ करतात. आणि त्याच आठवड्यात आणखी एक काम करा. आतापर्यंत केलेल्या वैद्यकीय अनुवादांमध्ये ‘संदिग्ध’, ‘संशयास्पद’ आणि ‘उदासीन’ हे तीन शब्द शोधा, प्रत्येकासमोर मूळ इंग्रजी शब्द ठेवून पाहा, आणि जिथे बदलायला हवं तिथे ज्यांना तो मजकूर दिला त्यांना दुरुस्ती कळवा.